कुंभारकामातील झिलई : बचत कोठे, धोका कोठे



कुंभाराच्या धंद्याविषयी बोलू लागले की प्रथम मागणीचा प्रश्न निघतो. माठाला उन्हाळ्यात गिऱ्हाईक असते, घटाला नवरात्रात आणि पणतीला दिवाळीत. उरलेल्या महिन्यांत चाक बहुधा थांबलेले असते. स्टील, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक यांनी स्वयंपाकघरातील जागा घेतली, हे त्याचे एक कारण झालेच. परंतु मातीच्या साध्या भांड्याची एक अंगभूत मर्यादाही त्याच्या मुळाशी आहे. ते भांडे सच्छिद्र असते. माठाच्या बाबतीत हाच गुण ठरतो, कारण पाणी पाझरून त्याची वाफ होते म्हणूनच आतले पाणी गार राहते. लोणचे, तेल, ताक किंवा चहा यांच्यासाठी मात्र तेच भांडे निरुपयोगी ठरते. ही छिद्रे बुजवून भांड्यावर काचेचा पातळ थर चढविणे म्हणजेच झिलई देणे. कारागीर आता तिला सर्रास ‘ग्लेझ’ म्हणतात. झिलईची बरणी, कप आणि ताटली यांना हंगाम नसतो.

तयार झिलई बाजारात मिळते. पण थोड्या प्रमाणात घेतली तर ती महाग पडते. म्हणून ती आपणच का मिसळू नये, असा विचार पुढे येतो. विचार रास्त आहे. भात पिकविणाऱ्या आणि भात कांडणाऱ्या या गोंदिया परिसरात तर तो अधिकच रास्त आहे, कारण झिलईतील एक प्रमुख द्रव्य राईस मिलच्या राखेत पडून असते. मात्र काटकसरीच्या या मार्गावर एक असे वळण आहे की तेथे कुंभाराचे पैसे वाचतात आणि गिऱ्हाइकाच्या मुलांची प्रकृती बिघडते. मुर्रीच्या ग्रामस्थांसमोर हा विषय ठेवताना या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगणे आवश्यक आहे.

झिलई म्हणजे काय?

झिलई ही बांगडीच्या काचेची बहीण होय. दोहोंचा पाया सिलिका, म्हणजे गारगोटीचे अथवा शुद्ध पांढऱ्या वाळूचे द्रव्य. परंतु शुद्ध सिलिका वितळण्यास १,७०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत कुंभाराची भट्टी जाणार नाही आणि भांडेही टिकणार नाही. म्हणून तिच्यात दुसरे द्रव्य मिसळावे लागते, ते सिलिकेला लवकर वितळविते. सोडा, पोटॅश, चुना, बोरॉन आणि शिसे ही अशी द्रावक द्रव्ये आहेत. नुसता एवढाच संयोग केला तर वितळलेली काच भांड्यावरून ओघळून खाली येईल. तिला घट्टपणा देऊन भांड्याला धरून ठेवण्याचे काम ॲल्युमिना करतो, आणि तो चिनी मातीतून मिळतो. काच होणारे, वितळविणारे आणि धरून ठेवणारे अशी ही तीन द्रव्ये योग्य प्रमाणात जमली की झिलई झाली. रंग ही त्यानंतरची बाब.

प्रमाण ठरविणारा खरा मालक मात्र भट्टी आहे. फेल्डस्पार ४० भाग, गारगोटीची पूड ३० भाग, खडूची पूड २० भाग आणि चिनी माती १० भाग, हे मिश्रण जगभरच्या कुंभारांना पाठ असते. ते स्वस्त आहे, त्यात विषारी काही नाही, आणि त्यातील प्रत्येक वस्तू भारतात मिळते. पण ते सुमारे १,२५० अंशांना पक्व होते. गावच्या तांबड्या मातीचे भांडे तेवढ्या उष्णतेपूर्वीच फुगते, वाकते किंवा बसून जाते. शिवाय लाकूड, शेण्या व पेंढा रचून लावलेली गावची उघडी भट्टी साधारणतः ७०० ते ९०० अंशांच्या पुढे जात नाही. पुस्तकातील कृती जशीच्या तशी उचलून तांबड्या मडक्यावर चढविणारा कारागीर निराश होतो, तो याच कारणाने. भांडे भट्टीतून निघते, पण त्यावरचा थर न वितळलेल्या खडूसारखा राहतो.

शेंदराचा मोह

नेमक्या याच जागी शिसे पुढे येते. शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही दोन्ही शिशाची ऑक्साइडे. ती कमी उष्णतेत वितळतात, तांबड्या मातीवर छान बसतात, भट्टीतील लहानसहान चुका झाकतात आणि अशी चमक देतात की गिऱ्हाईक भांडे हातातून खाली ठेवीत नाही. कमी उष्णतेच्या भट्टीवर सर्वांत सोपी व स्वस्त झिलई कोणती, असे केवळ पैशाच्या हिशेबाने विचारले तर उत्तर शिसे हेच येईल. म्हणूनच या उत्तरापासून सावध राहावयाचे.

शिशाची झिलई नीट भाजली गेली नाही, किंवा तिच्यात हिरव्या रंगासाठी तांबे मिसळले, तर आंबट पदार्थ तिच्यातून शिसे ओढून घेतो. लोणचे, चिंचेचे सार, ताक, लिंबाचे सरबत आणि टोमॅटोची आमटी असे आपल्या घरात आंबट काय नाही? शिसे शरीरात साठत जाते. मोठ्या माणसाला त्याने पोटशूळ, अशक्तपणा व रक्तक्षय होतो. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर मात्र कायमचा परिणाम होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आणि गिऱ्हाइकाच्याही आधी बळी जातो तो स्वतः कुंभार व त्याचे कुटुंब, कारण कोरडी पूड त्यांच्याच घरात उडते. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारवाड्यांत एकोणिसाव्या शतकात शिशाच्या विषबाधेने कामगार, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने आजारी पडत. कच्च्या शिशाच्या झिलईवर तेथे बंदी येण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. मेक्सिकोच्या खेड्यांत शिशाच्या झिलईची भांडी शतकानुशतके चालत आली आणि तेथील मुलांच्या रक्तात त्याचा पुरावा आजही सापडतो. तेथील कुंभारही अज्ञानी वा दुष्ट नव्हते. त्यांच्या भट्टीला जमणारी आणि खिशाला परवडणारी झिलई तीच होती.

तेव्हा पहिला नियम साधा आहे. खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी शेंदूर, मुर्दाडशिंग किंवा शिशाचे कोणतेही द्रव्य दुकानातून घरी आणावयाचे नाही, मग ते कितीही स्वस्त मिळो. देवाच्या शेंदराला कोणाचा आक्षेप नाही. त्याची जागा चुलीजवळ नाही, इतकेच.

बोरॉनचा मार्ग

शिशाला पर्याय बोरॉनचा आहे. बोरॉन आपल्याला टाकणखारातून परिचित आहे. सोनार तो डाख देताना वापरतात. मात्र टाकणखार पाण्यात विरघळतो. तो तसाच झिलईत घातला तर पाण्याबरोबर भांड्याच्या अंगात शिरतो, किंवा बादलीच्या तळाशी त्याचे खडे जमतात. आज साधलेले प्रमाण आठवड्याने बदललेले असते. यासाठी कारखान्यात टाकणखार, सिलिका व अन्य द्रव्ये एकत्र वितळवून तो रस पाण्यात ओततात आणि त्याचे काचेसारखे तुकडे दळून पूड करतात. हिला फ्रिट म्हणतात. ती पाण्यात विरघळत नाही. गुजरातेत मोरबीभोवती फरशांचा मोठा उद्योग उभा राहिला, त्याच्याबरोबर फ्रिट बनविणारे कारखानेही उभे राहिले. त्यामुळे बिनशिशाची फ्रिट मिळविणे आता अवघड राहिलेले नाही. खरेदी करताना ‘बिनशिशाची’ हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत आणि तिच्या घटकांचा तक्ता मागावा. जो विक्रेता तक्ता देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

काही उत्साही कार्यकर्ते फ्रिटही गावातच करावी, असे सुचवितात. कमी मालासाठी हे आतबट्ट्याचे आहे. मूस, जास्त उष्णतेची भट्टी, दळण्याची चक्की आणि इंधन यांचा खर्च काढला तर फ्रिट विकत घेणे स्वस्त पडते. बचत फ्रिटमध्ये नाही. ती तयार झिलई व फ्रिट यांच्या किमतींमधील फरकात आहे.

आरंभासाठी ८५ भाग फ्रिट आणि १५ भाग चिनी माती हे मिश्रण घ्यावे. नेहमीच्या बोरॉन फ्रिटीवर ते साधारण १,००० ते १,०५० अंशांच्या दरम्यान पक्व होते, आणि बहुतेक तांबड्या माती ही आच सोसतात. एवढी आच उघड्या भट्टीत मिळत नाही. त्यासाठी विटांची, चिमणी असलेली बंद भट्टी हवी आणि भांड्यांना जाळ व राख थेट लागू नये म्हणून आत डबे किंवा फळ्या हव्यात. भांडे आधी झिलईशिवाय एकदा भाजून घ्यावयाचे, मग झिलईत बुडवून पुन्हा भाजावयाचे. दोन भाजण्यांचे इंधन हिशेबात धरले पाहिजे. ते विसरून केलेला प्रकल्प-अहवाल कागदावर नफा दाखवितो आणि प्रत्यक्षात बुडतो.

पूड कोरडी न ढवळता प्रथम पाणी घ्यावे, त्यात पूड हळूहळू सोडावी, रात्रभर भिजू द्यावी आणि सकाळी ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळावी. सिलिकेची उडणारी धूळ फुप्फुसात बसते व ती निघत नाही. खाण-कामगारांना होणारा सिलिकोसिस कुंभारालाही होतो. नाकाला ओला रुमाल बांधणे पुरेसे नाही. धुळीसाठीचा योग्य मास्क हवा आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावयास हवी.

राईस मिलची राख

आता आपल्या भागातील द्रव्यांकडे वळू. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते आणि ते जाळल्यावर तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. म्हणजे एक क्विंटल धानामागे सुमारे ४ किलो राख. या राखेत सिलिका बहुधा ८५ ते ९५ टक्के असते. गोंदियाच्या राईस मिलमध्ये बॉयलरच्या तोंडाशी साचणारी ही राख वाऱ्याने शेजारच्या घरांत व शेतांत जाते आणि तिच्याविषयी तक्रारीच अधिक ऐकू येतात. झिलईला सिलिका पुरविण्यासाठी हीच राख उपयोगी पडते.

तथापि ती जशीच्या तशी चालणार नाही. काळी राख म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. तो झिलईखाली जळून वायू सोडतो आणि भांड्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. म्हणून राख मडक्यात भरून दुसऱ्या मालाबरोबर भट्टीत ठेवावी व पांढरी होईतो पुन्हा भाजावी, मग पाण्यात दळून गाळावी. तिचा उपयोगही विशिष्ट आहे. तांबड्या मातीवरच्या फ्रिटच्या झिलईला थंड होताना कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात, कारण झिलई भांड्यापेक्षा अधिक आकुंचन पावते. सिलिका वाढविली की हे आकुंचन कमी होते. वरच्या मिश्रणाच्या १०० भागांत तुसाची पांढरी राख ३, ६, ९ आणि १२ भाग घालून चार नमुने करावेत. कमी राखेत तडे राहतील, जास्त राखेत झिलई खरखरीत व अर्धी वितळलेली दिसेल. आपली जागा दोहोंच्या मध्ये सापडते. तडे डोळ्यांना दिसले नाहीत, तरी नमुन्यावर शाई चोळून पुसावी. रेषा उमटली तर तडा आहे. अशा तड्यांत अन्न शिरते व भांडे कुबट होते.

रंगाच्या बाबतीतही हा प्रदेश रिकामा नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून मिळणारे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते. तेच द्रव्य झिलईत तपकिरी व जांभळट छटा देते, आणि गेरूतील लोह तांबूस व मधासारखी. लोह २ ते ८ भाग घातले तर तांबड्या मातीवर जो रंग उमटतो तो या मातीचाच वाटतो; कोबाल्टच्या महागड्या निळ्याचा हव्यास धरण्याचे कारण नाही. मँगनीजची धूळ व भट्टीतील धूर मज्जासंस्थेला अपाय करतात, तेव्हा ते बेतानेच वापरावे आणि भट्टीजवळ झोपू नये. मँगनीज व तांब्याचा हिरवा हे रंग भांड्याच्या बाहेरच्या अंगाला द्यावेत. आतून साधी पांढरी अथवा पारदर्शक झिलईच असावी.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा तयार झिलई १२० रुपये किलो आहे आणि घरी मिसळलेली ८० रुपये किलो पडते. एका बरणीला १०० ग्रॅम झिलई लागली तर बरणीमागे ४ रुपये आणि शंभर बरण्यांमागे ४०० रुपये वाचले. बरणी ६० रुपयांस विकली जाते असे धरू. मिश्रण चुकल्यामुळे शंभरांतील सात बरण्या बिघडल्या की ४२० रुपये गेले आणि बचत संपली. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव घालून हा हिशेब पुन्हा मांडावा. पण त्याचा रोख बदलणार नाही. झिलई हा भांड्याच्या खर्चातील लहान भाग असतो. माती, मजुरी व इंधन हे मोठे. लहान खर्चात काटकसर करताना मोठा खर्च भट्टीत फुटू नये, यासाठी वजनकाटा, नोंदवही आणि नमुन्यांचे तुकडे यांवर केलेला खर्च काटकसरीचाच समजावा.

वजनकाट्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण घोडे तेथेच अडते. शंभर ग्रॅमच्या नमुन्यात अर्धा टक्का रंग म्हणजे अर्धा ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर तो मोजता येत नाही. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र असा काटा असतो. विज्ञान-शिक्षकाने महिन्यातून एक दिवस कारागिराला तो वापरू दिला, तर ‘चिमूटभर’ आणि ‘मूठभर’ ही मापे धंद्यातून जातील. विद्यार्थ्यांनी नमुन्यांच्या नोंदी कराव्यात, क्रमांक घालावेत, तडे मोजावेत. कोरडी पूड मात्र त्यांच्या हाती देऊ नये. एका वेळी एकच घटक बदलावयाचा, हा प्रयोगशाळेतला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

भट्टीची उष्णता मोजण्यासाठी महागडे यंत्र नसले तरी चालते. जर्मनीत हेर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये ठरावीक द्रव्यांचे लहान शंकू तयार केले. विशिष्ट आच लागली की विशिष्ट शंकू वाकतो. भट्टीच्या भोकातून शंकू वाकलेला दिसला की जाळ थांबवावयाचा. सव्वाशे वर्षांनंतरही जगातील कुंभार याच शंकूंवर विसंबून आहेत.

शिकावे कोठे?

हे सर्व विदर्भाला नवे नाही. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हापासून ग्रामीण कारागिराच्या हाती शास्त्र देण्याचा प्रयत्न या भूमीत झाला आहे. त्याच विचारधारेतून कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे ग्रामोदय संघाचे काम उभे केले आणि मातीकामाचे उत्पादन व प्रशिक्षण यांची सांगड घातली. नागपूर-चंद्रपूर मार्गावरच्या या गावाने सिरॅमिकचे शिक्षण कुंभाराच्या घरापर्यंत नेले. मराठी भाषकांच्या परिचयाचे दुसरे ठिकाण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर. तेथील ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था १९५४ पासूनची, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात असतानाची आहे. दूरच्या नायजेरियातही असेच घडले. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने १९५० नंतरच्या दशकात अबुजा येथे प्रशिक्षण केंद्र चालविले आणि आसपासचेच दगड व माती वापरून झिलई केली. लादी क्वाली ही तेथील पारंपरिक घडे करणारी स्त्री त्या केंद्रात आली. तिचे झिलईचे घडे पुढे देशोदेशी गेले. तिने आपला घडा सोडला नाही, त्याला झिलई मात्र नवी दिली.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. झिलई एकट्या कारागिराने आपल्या ओसरीत शोधून काढलेली नाही. तिच्यामागे केंद्र होते, काटा होता, भट्टी होती आणि नमुना फसला तर पोट मारले जाणार नाही अशी व्यवस्था होती. मुर्रीच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या दोन-चार कुटुंबांनी स्वतंत्रपणे पाच-पाच किलो फ्रिट मागविली तर वाहतुकीतच बचत जाईल. दहा-पंधरा कारागिरांचा गट करून पोत्याने खरेदी व्हावी, मिश्रण एकाच ठिकाणी एकाच माणसाच्या जबाबदारीवर व्हावे आणि प्रत्येक बादलीवर क्रमांक व तारीख असावी.

शासकीय योजनांचा विचारही याच दृष्टीने करावा लागेल. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू करून विजेची चाके दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभाराचा समावेश असून प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज अशी तरतूद आहे. विजेच्या चाकाने हाताचे श्रम वाचतात यात शंका नाही. पण चाक वेगाने फिरले आणि भट्टी जुनीच राहिली, तर पूर्वीचाच माठ अधिक संख्येने तयार होतो. कर्जाची मागणी करताना गटाने भट्टीला अग्रक्रम द्यावा, आणि अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही ती मागणी चैनीची समजू नये.

पंचायतीकडे दोन कामे येतात. तळ्याच्या गाळाची माती कुंभाराला विनातक्रार मिळावी आणि भट्टीसाठी वस्तीपासून वेगळी, पाण्याची सोय असलेली जागा मिळावी. तिसरे काम विक्रीपूर्वीचे आहे व ते गट आणि अधिकारी यांनी मिळून करावयाचे आहे. नव्या झिलईचे पहिले भांडे विकण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे. तेथे ४ टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून त्यात उतरलेले शिसे व कॅडमियम मोजतात. घरी व्हिनेगर ठेवून झिलईचा रंग बदलतो का हे पाहता येते. रंग बदलला तर झिलई वाईट हे नक्की, न बदलला तर ती चांगली असे मात्र सिद्ध होत नाही. फ्रिट ज्या पोत्यातून घेतली त्याचा क्रमांक चाचणीच्या अहवालावर लिहून ठेवावा, आणि पुरवठादार बदलला की चाचणी पुन्हा करावी.